अंतू, फ्रीझरपाशी कोण बसणार?

अंतू, काल तुझी शोकसभा झाली. तू असतास तर मागच्या दाराने सटकला असतास आणि मला एकटीला ते गार समोसे खायला लावले असतेस. विद्यापीठातल्या तुझ्या विभागाने मोठा हॉल घेतला होता. समोर तुझा फोटो, आणि तोही कुठला, तर ओळखपत्रावरचा मोठा केलेला, ज्यात तू बळेच बोहल्यावर उभा केल्यासारखा दिसतोस. त्यावर झेंडूचा हार, इतका जाड की तुझी हनुवटी दिसेना. मी दुसऱ्या रांगेत बसून मनात म्हणत होते, या मेल्यांची हार घालायची हौस अजून फिटली नाही. मी कुठल्या हाराबद्दल बोलतेय ते तुला कळलं असेलच.

मी भाषणं ऐकायला गेले नव्हते. मला बोलायचं होतं. तुझं तेरावं झाल्यापासून मी रोज मनात वाक्यं जुळवत होते. तू जे पोटात ठेवून गेलास ते भर सभेत, माइकवर, त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं ठरवूनच मी साडी नेसले होते. त्याचं पुढे काय झालं ते सांगते. आधी थोडं भांडू दे. कितीतरी वर्षांचं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि आता तुला उलट बोलता येत नाही, ही सोय मला पहिल्यांदाच मिळाली आहे.

आपलं भांडण शेंबडावरून सुरू झालं. हसू नकोस, खरंच. हवा बदलली, सकाळी घाटावर धुकं उतरायला लागलं की माझ्या दवाखान्यात सुरू होतं. "डाक्टरनी जी, बचवा क पसली चलत हौ." मांडीवर चार-पाच महिन्यांचं मूल, छातीला लसूण-ओवा घालून उकळलेलं तेल चोळलेलं, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय. दूध ओढायला दम पुरत नाही, म्हणून रडतं, आणि रडायलाही दम पुरत नाही. अशा वेळी तू यायचास. स्कूटरवर, पायांमध्ये ती निळी बर्फाची पेटी धरून.

"नमू, एकेकाच्या नाकातलं दे."

"अरे, काशीत लोक येतात ते गंगाजल न्यायला. तू शेंबूड नेतोस!"

"हो, नेतो. दे."

मी म्हणायचे, यात बघायचं काय आहे, हा आरएसव्ही विषाणू आहे, ते मला मूल दारातून आत येतानाच कळतं. मोठ्यांना झाला तर नुसती सर्दी, तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्यांत उतरला तर जिवाशी खेळ. तू पेटीवर बसून मला शिकवायचास. एकच नाही गं तो, ए आणि बी अशी त्याची दोन घराणी आहेत, आणि एकेका घराण्यात शाखा, पोटशाखा. यंदा एक वर चढतो, पुढच्या थंडीत दुसरा. मी म्हटलं, म्हणजे आपल्या ब्रह्माघाटावरच्या मराठी लोकांसारखंच की. आडनाव एक, घरं चार, आणि चौघांचं एकमेकांशी बोलणं बंद. तुला ते इतकं आवडलं की तू ते वर्गात सांगायला लागलास, आणि माझं नावसुद्धा घेतलं नाहीस.

एक मात्र तुझं स्वतःचं होतं. आपले आजोबा, माझ्या वडिलांचे आणि तुझ्या आईचे वडील, मुलांना वेदांचा घनपाठ शिकवायचे. एकेक शब्द पुढून म्हणायचा, उलटा म्हणायचा, पुन्हा पुढून, की पिढ्यान् पिढ्या एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये. तू आणि मी ओसरीवर बसून त्यांची नक्कल करायचो आणि मार खायचो. तू म्हणालास, "या विषाणूला घनपाठ येत नाही, नमू. स्वतःची नक्कल उतरवतो, चुकतो, आणि चूक तपासायची सोय त्याच्याकडे नाही. ती चूक घेऊन पुढच्या मुलाच्या नाकात. सगळ्यात जास्त चुका कुठे, तर ज्या हाताने तो पेशीला धरतो तिथेच. ते हात मला वाचायचे आहेत." तेव्हा मी तुझ्याकडे बघत राहिले होते, आणि हे तुला कधी सांगितलं नाही, की तू तेव्हा अगदी आजोबांसारखा दिसत होतास.

पण तोंडाने मी काय म्हणाले? "वाच बाबा. माझ्याकडे ऑक्सिजनची नळी आहे, ती ए ला पण तीच आणि बी ला पण तीच."

तू चिडायचा नाहीस, हीच तुझी खोड. शांतपणे म्हणायचास, उद्या याच्यावर लस येईल, गरोदर बायकांना द्यायची. तान्ह्यांना टोचायचं औषध येईल. ती कुणाच्या पोरांचा विषाणू बघून केलेली असतील? आपल्याकडे काय फिरतंय ते कुणी बघूनच ठेवलं नसेल, तर ती इथे चालतायत की नाही, हे कुणाला विचारशील? मी म्हणायचे, आली की बघू. आता ती येतायत, अंतू. परवा कंपनीचा पोरगा टेबलावर गुळगुळीत कागद ठेवून गेला. मी त्याला तुझाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मैडम, ग्लोबल डेटा है." मी त्याला चहा पाजला नाही.

तुझी थट्टा मी कधी थांबवली तेही तुला माहीत आहे. मुन्शी घाटाकडची ती नाववाल्याची मुलगी. बारसं झालं नव्हतं, सगळे बाबू म्हणत. तिच्या थोरल्या भावाला तशीच सर्दी झाली होती, तो दोन दिवस शिंकला आणि पुन्हा पतंगामागे धावायला लागला. ही माझ्या वॉर्डात गेली. तिची आई रडली नाही, तिने मला नुसतं विचारलं, "उसको तो कुछ नहीं हुआ, इसको क्यों?" ती लहान होती, अशक्त होती, उशिरा आणली, आम्ही डॉक्टर जे जे सांगतो ते सांगितलं. तिच्या नाकातल्या नमुन्याची नळी तुझ्या पेटीत होती. तू म्हणालास, "बघतो. तिच्यातला जरा वेगळा वाटतोय, पुन्हा नीट वाचायला हवा. उत्तर विषाणूत नसेलही, नमू, पण निदान बघतो." त्या दिवसापासून मी स्वतः नळ्यांवर नावं घालून ठेवायला लागले. तुला वाटलं मी सुधारले.

आणि मग विश्वकर्मा पूजा आली.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की मला त्यांना समजावून सांगावं लागतं, की आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात तसं इकडे सप्टेंबरात विश्वकर्म्याचं असतं. कारखाना, छापखाना, गॅरेज, सगळीकडे यंत्रं धुऊन पुसून बंद करतात, गंध लावतात, हार घालतात. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही, त्याला विश्रांती. माझं त्याच्याशी काही भांडण नाही. माझा रिक्षावाला त्या दिवशी रिक्षा काढत नाही आणि मी पायी जाते. पण त्या वर्षी पितृपक्षात तुझ्या वडिलांची तिथी नेमकी त्याच दिवशी आली. तू आदल्या दिवसापासून रजा घेऊन घरी पिंडाच्या तयारीत बसला होतास, आणि तुमच्या विभागप्रमुखांच्या अंगात भक्ती आली. लॅबमधली एकूण एक यंत्रं पुजायची म्हणाले. रामसूरतने, तुझ्या त्या ठेक्यावरच्या मदतनिसाने, विचारलंसुद्धा होतं, की साहेब, बडा वाला फ्रीज भी? प्रमुख म्हणाले, "क्यों, उसने क्या बिगाड़ा है? साल भर चलता है बेचारा, उसको भी आराम दो." रामसूरतने आदल्या दुपारीच बटण बंद केलं. दार उघडून आतलं बर्फ खरवडलं, कपड्याने पुसलं, दाराला हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पूजेनंतर दुसऱ्या सकाळी पुन्हा चालू केलं. तू श्राद्ध आटोपून कामावर गेलास तेव्हा फ्रीझर आपला उणे ऐंशी दाखवत गुपचूप उभा होता.

तुला थंडीत कळलं. जुने खोके काढलेस तर पुठ्ठे बसलेले, नावांची शाई पसरलेली, नळ्यांतलं गुलाबी पाणी वितळून पुन्हा गोठलेलं. जनुकं वाचायच्या यंत्रात घातलंस तर अक्षरांचे तुकडे, चुरा. साठवलेले तीन हिवाळे पाण्यात गेले. बाबूची नळीसुद्धा. मग तू विभागाच्या ग्रुपवर मागे मागे जाऊन तो फोटो शोधलास. फ्रीझरच्या गळ्यात झेंडूचा हार, शेजारी प्रमुख हात जोडून, आणि हारामागे जिथे तापमानाचा लाल आकडा दिसायला हवा ती पट्टी काळी. खाली सगळ्यांनी नमस्काराचे हात टाकले होते. त्यात तुझेही होते, न बघता टाकलेले.

तू माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सांगितलंस तेव्हा मी पोळ्या करत होते. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता कुलगुरूंकडे. तू म्हणालास, जाऊ दे.

"जाऊ दे? तीन वर्षं, अंतू! माझ्या पोरांची नाकं!"

"चौकशी बसली तर नाव कुणाचं येईल? बटण रामसूरतने बंद केलं. प्रमुख म्हणतील, मैंने तो माला चढ़ाने को कहा था. उद्या तो घरी. त्याला तर हेही माहीत नाही की त्याने काय केलं. त्याला वाटतं त्याने पुण्य केलं."

"मग त्याला सांग!"

"कशाला? म्हणजे त्याने जन्मभर कुढत बसावं?"

मी तुला काय काय बोलले. भेकड म्हणाले, मूग गिळून बसणारा म्हणाले, तुझा मोठेपणा चुलीत घाल म्हणाले. संक्रांत गेली, मी तुला तिळगूळ दिला नाही. तू अहवालात लिहिलंस की नमुने तपासणीयोग्य राहिले नाहीत. पुढचे पैसे आले नाहीत, ते तुझ्या नालायकीवर गेलं. प्रमुख डीन झाले. आणि तू एक लहानसा प्रकल्प कुठूनतरी मिळवून, तीच निळी पेटी घेऊन, पुन्हा माझ्या दारात उभा राहिलास. "नमू, एकेकाच्या नाकातलं दे." काय करणार होते मी? दिलं.

तेव्हापासून दर विश्वकर्मा पूजेला तू आदल्या सकाळपासून फ्रीझरपाशी स्टूल टाकून बसायचास. घरच्या देवाला कधी फूल न वाहिलेला तू! यंदा मी मुद्दाम डबा घेऊन बघायला आले होते. कपाळावर हा एवढा टिळा, पाठ फ्रीझरला टेकलेली, मांडीवर वर्तमानपत्र. डोळ्यांत तेल घालून राखण चालली होती. रामसूरत मला कौतुकाने म्हणाला, "साहब को पूजा में बहुत श्रद्धा है, मैडम. नारियल हर साल हमीं से फोड़वाते हैं." त्याच्या पाठीमागून तू मला डोळा मारलास. मला हसू आलं, आणि त्याच वेळी तुझा इतका राग आला की डबा तिथेच ठेवून मी निघून आले. तेवढंच शेवटचं. दिवाळी तोंडावर आली आणि तू गेलास. माझ्या मुलाने मणिकर्णिकेवर तुला अग्नी दिला. बायकांनी यायचं नाही म्हणून मी घरी तुझ्या धुतलेल्या शर्टांच्या घड्या घालत बसले.

तर काल. डीनसाहेब बोलायला उठले. म्हणाले, अनंत जी मशीनों को अपने बच्चों की तरह रखते थे. म्हणाले, विश्वकर्मा पूजा में उनकी भक्ति देखने लायक थी. शपथ सांगते, हेच म्हणाले. मग हात जोडून जाहीर केलं, की फ्रीझरच्या खोलीला तुझं नाव द्यायचं. पितळी पाटी लावायची. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! मग माझं नाव पुकारलं, "परिवार की ओर से."

मी माइकपाशी गेले. सगळी जुळवलेली वाक्यं तोंडात होती. शेवटच्या रांगेत, दारापाशी, रामसूरत उभा दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि पालथ्या हाताने डोळे पुसत होता. मला तुझं "जाऊ दे" आठवलं, आणि मी सगळं गिळलं. पण पुरतं गिळवेना रे. तुझ्यासारखा घसा मला कुठला? मी एवढंच म्हटलं, "पाटी नको. अनंतची आठवण ठेवायची असेल तर त्या फ्रीझरवर तेलरंगाने मोठ्या अक्षरांत लिहा, की विश्वकर्मा पूजा को भी इसे बंद मत करना." हिंदीतच म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. आणि डीनसाहेबांकडे बघून थांबले.

अंतू, त्या माणसाला काही कळलं नाही. मान डोलावली, "बहुत सुंदर, बहुत सुंदर," म्हणाले आणि शेजारच्याला सांगितलं, नोट कर लीजिए. त्यांना आठवतही नाही. चार वर्षं तू ज्याच्या तोंडाला घाबरलास, आणि मी ज्याच्या तोंडावर थुंकायला गेले, त्याच्या डोक्यात ती गोष्ट कधी घडलीच नव्हती. ज्याला कळायचं त्याला कळलं. मी दाराकडे बघितलं तर रामसूरतचा हात डोळ्यांपाशी तसाच थांबला होता. मग तो खाली बघायला लागला, आणि दोन मिनिटं शांतता सुरू झाली तेव्हा तो तिथे नव्हता.

तू एवढी वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलेलं मी एका वाक्यात त्याच्या पदरात टाकलं. मारायला गेले एकाला, लागलं भलत्याला. बोल आता मला काय बोलायचं ते. मी तुझ्यावर चिडले आहे हे तर आहेच. हे तू मला सांगायलाच नको होतंस. तुला माझी जीभ ठाऊक नव्हती का?

आज सकाळी दवाखाना उघडला तर तो बाहेर बाकावर बसलेला. निळी पेटी मांडीवर. पेशंट होते, तो सगळ्यांच्या मागे थांबला. आत आल्यावर बसला नाही.

"मैडम, साहब को मालूम था?"

आईबापांना वाईट बातमी सांगण्यात माझी हयात गेली. खोटं बोलायला आलं असतं, पण त्याच्यासमोर जमलं नाही. "हाँ," मी म्हटलं.

"उसी साल से?"

"उसी साल से."

तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तो साहब पूजा में नहीं बैठते थे. पहरा देते थे." मी पेल्यात पाणी ओतायला लागले. "और नारियल हमसे फोड़वाते रहे," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पाणी दिलं. ते त्याने घेतलं नाही. त्याला म्हणायला हवं होतं, की चूक तुझी नव्हती, हुकूम दुसऱ्याचा होता. म्हटलंही. पण मुन्शी घाटाच्या त्या बाईला मी सांगितलं होतं तसंच ते माझं मलाच ऐकू आलं.

त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "आज कौन-कौन बच्चा है?"

दोन होती. एक चार महिन्यांचा मुलगा, पसली चलत हौ, आणि एक जुळ्यांपैकी मुलगी, दुसरं ठणठणीत. मी नाकातलं घेतलं, नावं घातली, नळ्या त्याच्या बर्फात ठेवल्या. त्या कोण वाचणार हे मी त्याला विचारलं नाही आणि त्याने मला सांगितलं नाही. तुझा प्रकल्प तुझ्या नावावर होता. मार्चमध्ये तो संपतो, आणि त्याच्यासोबत रामसूरतचा ठेकाही. जुन्या सॅम्पलांचं काय करायचं ते "देखेंगे" असं डीनसाहेब समोसा खाताना म्हणाले आहेत. खोलीला मात्र पाटी लागणार.

दारात तो वळला. "अगली पूजा में हम रहब कि नाहीं, के जाने," म्हणाला. "साहब क स्टूल ओहीं रखले हई."

तर स्टूल तिथेच आहे, अंतू. येत्या विश्वकर्मा पूजेला आदल्या सकाळी मी दवाखाना बंद करून डबा घेऊन येणार आहे, आणि त्यावर बसणार आहे. मला कोण उठवतो ते बघतेच. तुझ्यासारखी टिळा लावून गप्प बसणार नाही, एवढं लक्षात ठेव. फ्रीझरच्या आत तोवर त्यांनी काही शिल्लक ठेवलं असलं, तर.